उकिरड्यावरचा चीक

एका गावात एक नियम होता. बाळंतिणीचा पहिला चीक पिळून उकिरड्यावर टाकायचा आणि तीन दिवस बाळाला कापसाच्या बोळ्याने गूळपाणी चोखवायचं. का, हे विचारायचं नाही. विचारणारी आगाऊ ठरे.

त्या गावची वनिता शहरात नर्सिंग शिकत होती. मुलींना खेड्यांत पाठवताना तिच्या बाई सांगत, "घरात शिरलात की आधी चूल बघा, गोठा बघा, माणसं काय खातात ते बघा. त्यांना पटेल असं उत्तर तिथेच सापडतं." वनिताने परक्या गावांत कितीतरी ओट्यांवर बसून आयांना सांगितलं होतं की चीक ही बाळाची पहिली लस. स्वतःच्या घरात मात्र ती कधी बोलली नव्हती. दीड वर्षापूर्वी मंगलवहिनीचा मुलगा चौथ्या दिवशी गेला. मोठी माणसं म्हणाली, नशीब. वनिताने मान खाली घातली.

यंदा वहिनी पुन्हा घरीच बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी वनिता पोचली. नवजात मुलगी सुस्त पडली होती, धड रडतही नव्हती. बाळंतपण करणाऱ्या आत्याने नुकत्याच पिळलेल्या चिकाची वाटी वनिताच्या हातात दिली आणि टाकून यायला सांगितलं.

ओसरीवर घरातले थोरले आबा आणि चुलते खरवस खात बसले होते. गाय पहाटेच व्यायली होती.

"घ्या डॉक्टरीणबाई," आबा म्हणाले, "असा खरवस तुमच्या होस्टेलात मिळायचा नाही."

वासराला चीक पाजला का, असं वनिताने विचारलं. सगळे हसले.

"वासराला पाजल्याशिवाय कोण काढतं?" आबा म्हणाले. " चीक पोटात गेला नाही तर वासरू तगत नाही. एवढंही शिकवत नाहीत का तिथं?"

"शिकवतात," वनिता म्हणाली. "आबा, मंगलवहिनीच्या मुलाला काय पाजलं होतं?"

आबांचा घास हातातच राहिला. आत्या दारात येऊन कडाडली, "थोरांपुढे तोंड चालवू नकोस. बारा बाळंतपणं केलीत मी."

"बारा केलीस, आत्या. त्यातली जगली किती, ते सांग."

आत्याने उकिरड्याकडे बोट दाखवलं.

"नाही टाकणार," वनिता म्हणाली. दादाला तिने दवाखान्याची गाडी बोलवायला पिटाळलं. मग ती आत गेली, बाळाला मांडीवर घेतलं आणि वाटीतला चीक चमच्याने थेंब थेंब त्याच्या ओठांत सोडू लागली. पाचव्या थेंबाला बाळाने जीभ हलवली.

तिला अडवायला कुणी उठलं नाही. ओसरीवर ताटल्यांतला खरवस तसाच राहिला.

तात्पर्य: परक्यांच्या ओट्यावर बोलणारी आणि स्वतःच्या उंबऱ्याआत गप्प बसणारी विद्या कुणाचाच जीव वाचवत नाही; जिथे मोठ्यांचा मान बाळाच्या जिवावर उठतो, तिथे नाही म्हणणं हाच धर्म.