पाच पायांची मुंगी

मुलांनो, दाट जंगलात एका पळसाखाली मुंग्यांचे वारूळ होते. केवढे म्हणाल, तर त्याच्या सावलीत हत्ती डुलकी काढत. एक हत्ती की दोन, यावर जंगलात अजून भांडणे होतात. वारुळाचा मुकादम होता एक मुंगळा आणि त्याचा नियमही एकच : "भेग जिला दिसेल, तिनंच ती बुजवायची. एकटीनं!" एका मुंगीने एकदा भेग दाखवली. सात दिवस एकटीने माती वाहिली, आठव्या दिवशी अंगावर खडा घसरला आणि तिचा एक पाय गेला. "डोळे फार चालवलेस, म्हणून पाय थांबला!" मुकादम म्हणाला. सगळ्या हसल्या. पाच पायांची मुंगीही हसली आणि त्या दिवसापासून मान खाली घालून चालू लागली.

मग एका दुपारी अस्वल आले. दोन पंजांत त्याने जवळजवळ सगळे वारूळ उडवले. हजारो मुंग्या गेल्या. वाचली ती फक्त तळाची खोली आणि तिच्यातली अंडी. आता सगळी आशा त्या अंड्यांवर. पाच पायांच्या मुंगीची ताई तिथे राखणीला बसली. तशा मुंग्यांमध्ये सगळ्याच बहिणी. पण पाय गेल्यावर हिच्या वाट्याची माती गुपचूप वाहणारी ही एकच.

वारूळ पुन्हा उभे राहू लागले. तिसऱ्या दिवशी त्या खोलीच्या छतावर पाच पायांच्या मुंगीला एक भेग दिसली, केसाएवढी. ती थबकली.

"काय गं, काय बघतेस?" मागून मुकादमाने विचारले.

"काही नाही मुकादम, धाप लागली."

"मग चल की! सगळं झकास चाललंय."

खालून ताईने हाक मारली, "अगं, वरून माती पडतेय का गं?"

मुंगीच्या तोंडाशी आले होते. पण तिने ते गिळले. "काम चाललंय ना ताई, थोडी पडणारच."

संध्याकाळी छत कोसळले. माती उपसली तेव्हा ताई अंड्यांवर पाय पसरून पडलेली सापडली. तिच्याखालचे एकही अंडे धड नव्हते.

मुकादमाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "भेग कुणाला दिसली होती का?"

मग पाच पायांच्या मुंगीने हळूच मिशी वर केली. तिच्या शेजारणीने केली. तिच्या मागचीने केली. बघता बघता एकूण एक मिशी वर झाली. सगळ्यांत शेवटी, मान वळवून, मुकादमाचीही.

सगळ्यांनी हात लावला असता, तर घटकाभराचे काम होते.

आता पळसाखाली नुसता मातीचा ढीग आहे. हत्ती तिथे थांबत नाहीत.

तात्पर्य : चूक दाखवणाऱ्यालाच जिथे शिक्षा होते, तिथे संकट सरले तरी घर पुन्हा उभे राहत नाही, कारण भेग सगळ्यांना दिसते आणि सांगत कोणीच नाही.