भेगेवरचं खळं

डोंगराच्या पोटाशी वसलेल्या एका गावात हैबती नावाचा शेतकरी राहत होता. बायको लवकर गेली. मागे एकच मुलगी, कौसा. तिला त्यानं आईच्या मायेनं वाढवलं. माणूस कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण भित्रा. वाईट बातमी सांगायची वेळ आली की त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही.

एका पावसाळ्यात त्याच्या घरामागच्या चढावर, वरच्या वावरात, जमीन फाटली. चांगला हात आत जाईल अशी लांबलचक भेग पडली. हैबतीनं ती पाहिली आणि कुणाला काही बोलला नाही.

त्याच हिवाळ्यात सरकारच्या भूविज्ञान खात्याची माणसं नाडगौडा नावाच्या मॅडमसोबत त्या भागात आली. कुठला डोंगर पक्का आहे आणि कुठला पावसात खाली येईल, हे तपासून ती नकाशा करत होती. धोक्याच्या गावावर लाल रंग भरायचा आणि पुढचा पाऊस लागायच्या आत ते गाव खालच्या माळावर हलवायचं, असं ठरलं होतं. काम भल्याचंच होतं. पण हैबतीला घोर लागला. कौसाचं लग्न वैशाखात ठरलं होतं. आधी दोन ठिकाणी जमता जमता मोडलं होतं. गाव उठणार हे कळून ही मंडळीही मागे सरली तर? पोरीचं काय व्हायचं?

मग या बहाद्दरानं काय करावं? भेगेत दगडमाती भरली, वरून जमीन चोपली आणि भात झोडायचं खळं तिथेच केलं! शेणानं छान सारवूनही घेतलं. सारवायला कौसाच होती. हात चालवता चालवता ती म्हणाली, "आबा, हे त्या मॅडमना दाखवायला नको का?"

"तुझं लगीन होऊ दे. मग दाखवू."

पोर पुढं सारवत राहिली. बापाचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता. तेवढ्या एका वेळी मोडला असता तर किती बरं झालं असतं हो!

चार दिवसांनी खात्याच्या नाडगौडा मॅडम चढ चढून वर आल्या. त्यांनी दगड ठोकून पाहिले, माती पिशव्यांत भरून घेतली. मग नेमक्या त्या खळ्यावर उभं राहून त्यांनी हैबतीला विचारलं, "काका, इथं कुठे जमीन फाटलीय का? खचलीय का? आम्ही दोन दिवस डोंगर बघणार. तुम्ही जन्मभर बघताय, म्हणून विचारते."

"छ्या! आमचा डोंगर घट्ट हाय, मॅडम."

मॅडमनी विश्वास ठेवला. स्वतःच्या घरावरच्या धोक्याबद्दल माणूस खोटं सांगेल, असं कुणाच्या मनात तरी येईल का? जाताना त्या आपला फोन नंबर देऊन म्हणाल्या, "पुढे काही दिसलं तर नुसता एक फोन करा. कुणी रागावणार नाही." नकाशात गावावर हिरवा रंग भरला गेला.

वैशाखात लग्न झालं. जावई तुळशीराम गुणाचा निघाला. कौसा सुखात नांदू लागली. आता तरी हैबतीनं फोन करायचा की नाही? पण त्याला वाटे, मॅडम म्हणतील, तेव्हा खोटं का बोललात? गाव तोंडात शेण घालेल. आज नको, उद्या करू. उद्या उद्या करता आभाळ भरून आलं. आषाढातल्या झडीत खळं मधोमध उकललं. हैबतीनं पुन्हा त्यात दगड भरले. अरे बाबा, डोंगर म्हणजे काय फाटकं धोतर आहे, ठिगळ लावलं की भागलं?

आणि मग कौसाचा फोन आला. "आबा, पंचमीला येऊ ना मी?"

लग्नानंतरची तिची पहिलीच नागपंचमी. 'नको येऊस गं,' हे शब्द हैबतीच्या ओठांवर आले होते. पण ती विचारणार, का? मग सगळंच सांगावं लागणार. तो म्हणाला, "ये की. विचारतीस काय?"

पंचमीच्या सकाळी कौसा चुलीपाशी दिंडं उकडत बसली होती. शेजारपाजारची माणसं वारुळाच्या पूजेला गेली होती. हैबती गुरं घेऊन ओढ्यापलीकडे होता. तेवढ्यात कानठळ्या बसतील असा आवाज झाला. त्यानं वळून पाहिलं, तर वरचं वावर जागेवर नव्हतं. घरही नव्हतं.

नागपंचमीला आपल्याकडे कुणी जमिनीला कुदळ लावत नाही. त्या दिवशी अख्ख्या गावानं लावली. बायकांनी नुसत्या हातांनी चिखल उपसला. दुपार कलल्यावर कौसा सापडली. हैबती धोतराच्या सोग्यानं तिचा चेहरा पुसत राहिला. पुसून झाला तरी पुसतच राहिला. बघणाऱ्यांना ते बघवेना.

खबर मिळताच नाडगौडा मॅडम आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "माझ्या नकाशात हे गाव हिरवं आहे," त्या म्हणाल्या. "माझं काय चुकलं?"

"तुमचं नाही चुकलं," हैबती सगळ्यांदेखत बोलला. "भेग व्हती. मीच तिच्यावर खळं केलं."

कुणी त्याला शिवी दिली नाही की कुणी अंगावर धावून गेलं नाही. सासरहून धावत आलेला तुळशीराम तेवढा पुढे झाला. हळू आवाजात त्यानं विचारलं, "मामा, तुम्हाला ठाऊक होतं. मग तिला ये का म्हणालात?"

 पुढे गाव माळावर राहायला गेलं. हैबतीलाही तिथे घर मिळालं. तुळशीरामाला द्यायचं उत्तर मात्र त्याला आजवर सापडलेलं नाही.

तात्पर्य: धोक्याची खूण झाकली म्हणून धोका टळत नाही; तो आपल्याच माणसांच्या वाटेवर दबा धरून बसतो. लाज वाटली, उशीर झाला, तरी खरं सांगून टाकावं.