मकारखिंडीचा म

कोकणातली वाट जिथे देशावर पहिले पाऊल टाकते, तिथे डाव्या हाताला पुरुषभर उंचीचा काळा पाषाण आहे. निरखून पाहा, घाई करू नका, एस.टी. चहाला थांबलेलीच आहे. डोक्यावर रेघ घेतलेला तो म आपला. शेजारी उघड्या डोक्याने बसलेला तो गुजरातीचा. वेटोळी घालून बसलेले दोघे कानडी आणि तेलुगू, सख्खे भाऊच. बेडकाच्या पिलासारखे गोल डोके आणि खाली लोंबती शेपटी, ते अरबी-फारसीचे मीम. इतक्या लिप्या, पण अक्षर एकच. या पाषाणावर ना राजाचे नाव आहे, ना देवाचे. फक्त म.

आणि सगळ्यांच्या खाली, सगळ्यांत झिजलेली, आणखी एक खूण आहे: एक वाटोळे, आणि त्याच्यावर उचललेले दोन हात. जुन्या लिप्या जाणणारे येतात, गुडघे टेकून पाहतात आणि म्हणतात, हाही म-च. फार फार पूर्वी म असाच काढीत. खिंडीतल्या बायका त्या खुणेला ठकू म्हणतात. दोन्ही खरे असायला काय हरकत आहे?

ठकू या खिंडीची हाकारीण होती, असे सांगतात. राज्य कोणाचे होते ते कोणाला ठाऊक नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही. तेव्हा मीठ, सुपारी, कापड, घोडे, सगळे याच वाटेने चढायचे. वाट अरुंद, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कडा. पावसाळा सरला की सकाळी असे धुके भरायचे, की बैलाच्या पाठीवर हात ठेवून चालणाऱ्याला बैलाची शिंगे दिसू नयेत. अशा वेळी ठकू माथ्यावर उभी राहून हाका घाली आणि तांडे तिच्या आवाजाच्या रोखाने वर येत. येणाऱ्याजाणाऱ्यांचे ऐकून ऐकून ती त्यांच्या भाषा शिकली होती. कानड्यांना कानडीत बोलवायची, तेलंग्यांना तेलुगूत, घोडेवाल्या अरबांना त्यांच्या बोलीत. आणि शिव्याही ज्याच्या त्याच्या भाषेत, चुकून दुसऱ्याची नाही. गर्व होता तिला जिभेचा. का नसावा? कोणी शिकवली नव्हती, कोणी दिली नव्हती. तिची तिने कमावली होती.

खिंडीच्या शेवटच्या वळणावर कड्याच्या कडेने दगडी बांध होता. तो दर पावसाळ्यात ढासळे. वडार येत, पुन्हा रचत, पुन्हा ढासळे. एका वर्षी त्याच्याबरोबर माणसेही गेली. तेव्हा खिंडीचा नाईक धावजी देवीच्या देवळासमोर उभा राहून म्हणाला, "कडेजाई माणूस मागते. बांधात जिवंत माणूस चिणल्याशिवाय बांध उभा राहायचा नाही."

आणि माणूस कोण? नाईकाच्या घरचे नाही, गावातले नाही. वडारांची सून यंकव्वा, अंगावर पिणाऱ्या मुलीची आई. परमुलखातली. तिच्या बाजूने भांडायला चार माणसेही नव्हती. नवरा आदल्या पावसात त्याच बांधाखाली गेलेला.

ठकू गर्दीतून पुढे आली. "कडेजाईनं तुझ्या कानात येऊन सांगितलं का रे, धावजी? काल तर तुला बायकोची हाक ऐकू येत नव्हती."

लोक हसले. नाईक हसला नाही. "तोंड आवर, ठके. देवीशी ही जीभ चालायची नाही."

"देवीला हवंय तरी काय? माणूसच का?"

"गावाला ज्याचं मोल आहे ते हवं. सगळ्यांत मोलाचं."

"मग ही पोर कशाला?" ठकू म्हणाली. "तिचं मोल तुम्ही केलंय कधी? तिला भाकर देताना हात आखडतो तुमचा. या खिंडीत मोलाची वस्तू एकच आहे आणि ती माझ्या तोंडात आहे."

कोणी काही बोलायच्या आत ती गाभाऱ्यात गेली. आत काय झाले ते सांगणारे सांगत नाहीत. ती बाहेर आली तेव्हा पदर तोंडाशी धरलेला होता, लाल झालेला, आणि तिची जीभ कडेजाईच्या पायाशी होती. देवीने जीभ घेतली, ओठ ठेवले, एवढेच म्हणतात.

तरी नाईकाचा हट्ट सुटला नाही. त्याने अट घातली. "दिवाळीपर्यंत बघू. एकही जीव कड्यावरून गेला नाही, तर देवीनं हे पत्करलं. एक जरी गेला, तरी यंकव्वा बांधात जाईल."

ठकू जगली. यंकव्वाने तिला पेज भरवली, जखमेला हळद-तूप लावले. पण ज्या बाईला बघून पुरुष वाट बदलायचे, तिला आता पोरेसुद्धा वाकुल्या दाखवू लागली. एकदा रागाने ती ओरडायला गेली, तर तोंडातून गुरासारखे काहीतरी बाहेर पडले. लोक फिदीफिदी हसले. त्या दिवशी ठकूने ओठ मिटले ते मिटलेच. यंकव्वासमोरसुद्धा आवाज काढीना. मुकी म्हणून मरेन, पण हसू करून घेणार नाही, अशी ती बाई.

माथ्यावर हाका घालायला नाईकाने पुतण्याला ठेवले. भैरू त्याचे नाव. आवाज खणखणीत होता, भाषा एकच.

आश्विनात पहिला तांडा आला. मिठाच्या गोण्या लादलेले बैल, मागे कानडी बेपारी, तेलंगी, गुजराती कापडवाले, आणि शेवटी घोडे घेऊन अरब. निम्मा घाट चढून आले आणि धुके उतरले. भैरू जीव तोडून ओरडू लागला, "इकडं या, इकडं!" त्याची हाक समोरच्या कड्यावर आपटून परत येई. या बाजूनेही इकडे, त्या बाजूनेही इकडे. खालून ज्याने त्याने आपापल्या भाषेत ओरडायला सुरुवात केली. थांबा म्हणणारे कोण, पुढे व्हा म्हणणारे कोण, कोणाला कळेना. बैल बिथरले. वळणावरचा एक दगड सुटला आणि खाली गेला. तो तळाला पोचल्याचा आवाज फार उशिरा आला.

ठकू आणि यंकव्वा देवळाच्या ओसरीवर होत्या. दगडाचा आवाज दोघींनी ऐकला. पुढचा आवाज माणसाचा असणार, आणि त्याच्या पुढचा बांधात चिरे बसवण्याचा, हे दोघींनाही कळत होते. यंकव्वाने ठकूकडे पाहिले नाही. मुलगी दचकून रडू लागली होती. तिला तिने छातीशी धरले, डोळे मिटले आणि थोपटू लागली. म्म्... म्म्...

ठकू ऐकत राहिली. यंकव्वाची भाषा वेगळी, मुलखही वेगळा. पण ठकूच्या आईनेही तिला असेच थोपटले होते. कानड्यांच्या तळावर, अरबांच्या राहुटीत, जिथे जिथे रडते मूल होते, तिथे तिथे तिने हेच ऐकले होते. इतक्या भाषा कमावल्या आणि हे एक अक्षर कधी मोजलेच नव्हते, कारण ते कमवावे लागत नाही. तिने यंकव्वाच्या तोंडाकडे पाहिले. ओठ मिटलेले होते. जिभेचे काही कामच नव्हते.

ती उठली. पाषाणाजवळ गेली, जिथे आता तुम्ही उभे आहात तिथे. भैरूला तिने हाताने बाजूला सारले. क्षणभर तीही थबकली म्हणतात. सगळा घाट ऐकणार होता, आणि हसू झाले असते तर ते सगळ्या मुलखांत गेले असते. मग तिने दोन्ही हात वर उचलले, ओठ मिटले आणि छातीच्या तळातून म सोडला.

तो शब्द नव्हता, म्हणून कड्यावर आपटून फुटला नाही. धुके जसे भरले होते तसा तोही खिंडीत भरला. सगळ्यांत आधी बैलांना कळले. गोठ्यातली गाय वासराला बोलावते तो हा आवाज. पुढच्या बैलाने कान वळवले, मान वळवली आणि कड्याकडे गेलेले पाऊल मागे घेतले. त्याच्यामागे दुसरा. कानड्याला वाटले, वर कोणी कानडी बाई आहे. गुजरात्याला वाटले, आपल्याकडची आहे. अरबाने घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले, का ते त्यालाही सांगता येईना.

मग ते झाले, जे सांगताना अजून अंगावर काटा येतो. पुढच्या माणसाने ओठ मिटून तोच म मागच्यासाठी धरला. मागच्याने त्याच्या मागच्यासाठी. माथ्यापासून पायथ्यापर्यंत, न दिसणाऱ्या माणसांचा एकच आवाज उभा राहिला, दोरासारखा, आणि त्या दोराला धरून अख्खा तांडा चढला. कातळ थरथरत होता. यंकव्वाच्या कुशीतली मुलगी रडायची थांबून ऐकत होती.

धुके फाटले तेव्हा शेवटचा घोडाही वर आला होता. कड्याखाली कोणी नव्हते.

धावजी नाईक यंकव्वासमोर आला. पागोटे काढून त्याने तिच्या मुलीच्या पायाशी ठेवले. "देवीनं पत्करलं," एवढेच म्हणाला. ठकूने त्याच्याकडे पाहिले. बोलता आले असते तर काय म्हणाली असती, ते खिंडीतल्या बायका एकमेकींना सांगतात, परक्यांना नाही.

यंकव्वाला लिहिता येत नव्हते. वडाराची लेक ती, छिन्नी-हातोडा घेतला आणि पाहिले तसे पाषाणावर कोरले: वाटोळा चेहरा, उचललेले दोन हात. नंतर ज्या ज्या मुलखाचा माणूस सुखरूप वर आला, त्याने आपला म तिच्याभोवती कोरून ठेवला.

आजही धुके भरले की या खिंडीत कोणी कोणाला नावाने हाक मारीत नाही. गुराखी, शाळेची पोरे, पाटीवाल्या बायका, सगळे ओठ मिटून चालतात आणि एकमेकांना सापडतात. एस.टी.चा ड्रायव्हर वळणावर इंजिन बंद करतो, काच खाली घेतो, ऐकतो आणि मगच गाडी पुढे काढतो. बांध त्यानंतरही ढासळला, दोनदा की तीनदा. दर वेळी वडारांनी पुन्हा रचला. जाताना उतरून हात लावून पाहा त्याला. त्यात नुसते दगड आहेत.