पानसेसाहेबांचं बंद पाकीट

शिकागोच्या मराठी मंडळींत पानसेसाहेबांचा भारी दरारा. अमेरिकन फुटबॉलच्या बाद फेरीत कोण जिंकणार, ते साहेब आधीच लिहून पाकिटात बंद करत आणि सामना संपला की खिशातून काढून दाखवत. दोन रविवार अचूक!

"आजचंही खरं ठरलं, की अंतिम सामन्याचा विजेता तुला आधी सांगतो. सगळे पैसे लाव," सामना बघायला सगळे ज्याच्या घरी जमले होते, त्या हृषीकेशला ते म्हणाले. घरासाठी जमवलेले पैसे लावायला तो तयारच होता.

हीटरच्या उबेत सगळे कोट काढून बसले होते. साहेबांचा मात्र अंगावरच. साताऱ्याहून आलेल्या हृषीकेशच्या सासूबाई, इंदुमतीबाई, पुढे आल्या.

"द्या कोट, खुंटीला लावते. सामना संपला की पाकीट मीच काढीन."

"नको, थंडी वाजते," साहेब घाम पुसत म्हणाले.

"मग असू द्या. तेवढं दुसऱ्या संघाचं पाकीट आत्ताच माझ्याकडे द्या."

साहेबांचा हात चटकन डाव्या खिशावर गेला आणि तिथेच थिजला. हृषीकेशने उजव्या खिशाकडे पाहिलं: म्हणजे दोन खिशांत दोन संघांची दोन पाकिटं!

बाईंनी साहेबांपुढे चहा ठेवला. "आता काढा तो कोट. नुसता सामना बघायला भविष्य कशाला लागतं?"