कळ काढणारा राजा

एका राज्यात दुखणं म्हणून नव्हतं. ऐकायला किती गोड! पण पुढचं ऐका, मग मिटक्या मारा.

त्या राज्याचा राजा भद्रसेन. त्याची राणी बाळंतपणात गेली आणि तिच्या किंकाळ्या काही त्याच्या कानांतून जाईनात. त्यानं वक्रनाथ मांत्रिकाला बोलावलं. म्हणाला, "माझ्या राज्यातल्या प्रत्येकाची कळ काढ." मांत्रिकानं सात मुळ्यांचा अर्क गाळला आणि नगराच्या साऱ्या विहिरींत ओतला. जो पाणी प्याला त्याची कळ अंगातून निघाली आणि डोंगरातल्या गुहेत, तांब्याच्या हंड्यात जाऊन पडली. दवंडी पिटली, तोरणं लागली. राजा स्वतः पहिला पेला प्याला.

त्या नगरात धुरपा नावाची सुईण होती. ती लेकीच्या बाळंतपणाला नदीपलीकडच्या मुलखात गेली होती. चार महिन्यांनी परतली ती वेशीवरच थबकली. एक म्हातारा गाडीच्या चाकाखाली पाय सापडून पडला होता. त्याला दुखत नव्हतं, तो आपला शांत बसून होता. माणसं त्याला ओलांडून बाजाराला चालली होती.

"अरे, माणसं आहात की धोंडे?" धुरपा ओरडली.

"त्याला दुखत नाही ना?" एकजण हसून म्हणाला. "मग तुझं काय जातं?"

धुरपानं एकटीनं चाक लोटलं, पदर फाडून पाय बांधला आणि तरातरा घर गाठलं. घरी सून सगुणा, तीन दिवसांची बाळंतीण, ओसरीवर तूर निवडत बसली होती. आत तान्ही नात रडून रडून निळी पडली होती.

"सगुणे, लेकरू रडतंय!"

"हो, ऐकू येतंय, आत्याबाई," सगुणा म्हणाली आणि खडा वेचून बाजूला टाकला.

धुरपानं पोर तिच्या छातीशी लावलं. छाती भरलेली होती, पण पान्हा फुटेना. शेजारच्या दोघी लेकुरवाळ्या आणल्या, त्यांचंही तेच. गोठ्यात वासरं ढुशा देत होती आणि गाई रवंथ करत उभ्या होत्या, त्याही विहिरीचंच पाणी प्यालेल्या. पोराचा आवाज बारीक होत चालला होता. सूर्य मावळेपर्यंत दूध मिळालं नाही तर नात हाती लागत नव्हती.

धुरपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं बायांनो, रडणं ऐकून आईच्या काळजात जी कळ उठते ना, तिनंच पान्हा फुटतो! ती काढली कुणा मेल्यानं?"

वळचणीला एक साळुंकी बसली होती. ती दंव पिऊन राहणारी, विहिरीचं पाणी तिनं चाखलेलं नव्हतं. ती म्हणाली, "राजानं काढवली. हंडा गुहेत आहे, गुहेला तीन दारं आहेत. 'आई गं' म्हटल्यावाचून एकही उघडत नाही. आणि हंडा फोडायचा तो राजाच्याच हातानं."

धुरपानं नात झोळीत घालून छातीशी बांधली आणि डोंगर चढली.

पहिलं दार काट्यांचं होतं. तिनं हात लावला, काटा रुतला, "आई गं!" दार उघडलं. दुसऱ्या दारावर तो वेशीवरचा म्हातारा दिसला, चिरडलेल्या पायाकडे टकमक बघणारा. तिच्या तोंडून न मागता निघालं, "आई गं!" तेही उघडलं.

तिसऱ्या दारावर राजा दिसला.

"याच्यासाठी?" धुरपा कडाडली. "याच्यापायी माझी नात चालली! जीभ झडली तरी म्हणायची नाही!"

दार हललं नाही. मग दारातून तिला तिचाच आवाज ऐकू आला. राणीच्या बाळंतपणात सुईण तीच होती. बाळंतिणीच्या खोलीत ती म्हणत होती, "कळ काढा, राणीसाहेब, जराशी कळ काढा!" आणि बाहेर राजा दारावर डोकं आपटत होता, "काढा ना! कुणीतरी काढा ना हो तिची कळ!"

बाळंतिणीला 'कळ काढ' म्हणजे सोस, धीर धर. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्या घटकेला त्या माणसाला नाही कळलं.

"आई गं," ती पुटपुटली. दार उघडलं.

हंड्यापाशी वक्रनाथ बसला होता. तोही तेच पाणी प्याला होता.

"हंडा नेते," धुरपा म्हणाली.

"ने. मला त्याचं काय?" मांत्रिक म्हणाला.

हंडा डोक्यावर, नात छातीशी, अशी ती भर दरबारात शिरली.

"महाराज, हा हंडा फोडा."

"का? माझी प्रजा सुखी आहे."

"सुखी? मढ्यालाही काही दुखत नाही, महाराज! हे पोर विहिरीचं पाणी प्यालं नाही. साऱ्या नगरात हिला दुखतंय, आणि हिच्यासाठी दुखेल असं माझ्यावाचून कुणी तुम्ही शिल्लक ठेवलं नाहीत!"

"सुईणच म्हणाली होती, कळ काढा."

"ती सुईण मी! कळ काढा म्हणजे सोसा. उपटून फेका, असं नव्हे! राणीसाहेबांनी ती शेवटच्या श्वासापर्यंत काढली. त्यांच्या नावानं तुम्ही हे काय मांडलंत?"

राजाला काही वाटलं नाही. वाटायला आत काही उरलंच नव्हतं. पण ज्या हुकमाचा अर्थच चुकला तो मागे घ्यावा लागतो, एवढं राजाला ठाऊक असतं. तो उठला आणि तलवारीच्या मुठीनं त्यानं हंडा फोडला.

साऱ्या नगरातून एकच हंबरडा उठला. वेशीवरचा म्हातारा किंचाळला आणि दहाजण त्याच्याकडे धावले. गोठ्यांत गाई हंबरल्या. राजा राणीचं नाव घेत सिंहासनाच्या पायरीवर कोसळला. गुहेत वक्रनाथ गडबडा लोळत होता. पुढं राजानं त्याला एकच शिक्षा दिली, नगरातल्या सगळ्या विहिरी एकट्यानं उपसायची.

आणि थोड्याच वेळात, लोकांना विचारत विचारत, दरबाराच्या दारातून सगुणा धावत आली. पावलोपावली ओटीपोटात कळ येत होती, चोळी दुधानं चिंब झाली होती. तिनं लेक हिसकावून घेतली. पोर चुटूचुटू पिऊ लागलं.

"तीन दिवस ऐकत बसले, आत्याबाई! तूर निवडत बसले!" सगुणा ऊर फुटून रडू लागली.

"रड," धुरपा म्हणाली. तिनं सुनेचे डोळे पुसले नाहीत. "हवं तेवढं रड. पोर मात्र सोडू नकोस."

त्या नगराला दुसऱ्याचं दुखणं पुन्हा दुखू लागलं. ऐकणाऱ्यांनाही दुखो, आणि सांगणारीलाही.