आईच्या फुल्या

डॉ. पाठारे मोठे नावाजलेले. कितीतरी कारखान्यांची हवा त्यांनी तपासलेली. एम.टेक.च्या तोंडी परीक्षेला ते परीक्षक म्हणून आले, तेव्हा समोर वैजयंता गुरव होती. तिचा प्रबंध गावाजवळच्या रसायन कारखान्याच्या दुर्गंधीवर होता. पुरावा म्हणून तिने घरची तीन वर्षांची कॅलेंडरं जोडली होती. वास सुटला की तिची आई त्या तारखेवर फुली मारायची.

पाठारे हसले. "या तीन वर्षांत त्या कारखान्यात आमचं यंत्र बारा वेळा गेलं. एकदाही दोष सापडला नाही. मग खरं काय, यंत्र की तुझ्या आईचं नाक?"

वैजयंता म्हणाली, "दोन्ही खरी आहेत, सर. तुमच्या अहवालातल्या बाराही तारखा कॅलेंडरवर बघा. आईनेही त्या दिवशी फुली मारलेली नाही. यंत्र कळवून येतं. आई मात्र रोज तिथेच राहते."

पाठाऱ्यांनी आपला अहवाल काढला आणि एकेक तारीख ताडून पाहिली. बाराही घरं कोरी होती. मागच्या-पुढच्या दिवशी मात्र फुल्याच फुल्या.

त्यांनी अहवाल मिटला. मग हळूच म्हणाले, "आईंना सांग, आता मी न कळवता येईन."

"या ना सर," वैजयंता डोळे पुसत म्हणाली, "ती घरीच असते."