तिसरी प्लेट

“सही तेवढी करा, उस्ताद. पाचला खिडकी बंद होते.”

“कसली सही?”

“अवजारं परत केल्याची. तिच्याशिवाय प्रवेश रद्द होत नाही म्हणतात.”

शेखलाल उस्तादांनी अर्ज लांब धरला. मग जवळ धरला. वाचला की नाही, ते कळलं नाही.

समोर प्रणित ढेंगळे उभा होता. एम.टेक.ला येऊन पाच आठवडे. गावात एसटी स्टँडवर त्याचा फ्लेक्स अजून लटकत होता. त्यात सरपंच मोठा, आमदार त्याहून मोठा आणि कोपऱ्यात तिकिटाएवढा प्रणित. ज्या साखर कारखान्यातली नोकरी सोडून तो आला, तिथल्या साहेबांनी सोमवारपर्यंत जागा धरून ठेवली होती. मात्र आज पाचच्या आत मूळ कागदपत्रं सोडवली नाहीत, तर ती दोन वर्षं इथंच अडकणार होती. आणि प्रणितही.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार.

उस्तादांविषयी त्या यंत्रशाळेत काय काय सांगत. लोखंडावर तळहात फिरवून केसाच्या विसाव्या हिश्शाचा उंचवटा ओळखतात. एकदा म्हणे एका परदेशी पाहुण्याशी हात मिळवला आणि त्याला सांगितलं, साहेब, तुमची करंगळी निम्मं सूत डावीकडे गेलीय. पाहुण्यानं मायदेशी जाऊन एक्स-रे काढला आणि माफीचं पत्र पाठवलं. यातलं निम्मं खोटं धरलं, तरी उरलेलं निम्मं कुणी मोजून पाहिलं नव्हतं. मोठमोठे प्रोफेसर त्यांच्यासमोर स्टुलाच्या कडेवर बसत.

“का चाललास?”

“जमत नाही.”

“कशावरून?”

“पहिली परीक्षा झाली. तीसपैकी तीन.”

“अभ्यास?”

“रोज केला, उस्ताद. मी आणि धनराज, माझा खोलीसोबती. दोघं एकाच कॉलेजचे. रोज संध्याकाळी गणितं सोडवायचो, उत्तरं ताडून बघायचो. एकूणएक उत्तर जुळायचं.”

“त्याला किती?”

“...तीन.”

उस्ताद उठले. फडताळातून बीडाच्या दोन प्लेटा काढल्या, वहीएवढ्या, पण प्रत्येकीला वजन चांगलं दहा किलोचं. एकीवर निळा रंग बोटानं पातळ पसरला.

“घास.”

“उस्ताद, खिडकी...”

“घास.”

प्रणितनं निळी प्लेट दुसरीवर ठेवून घासली. मग उचलली. खालची सगळी निळी झाली होती. कुठे कोरा ठिपका नाही.

“काय दिसतं?”

“दोन्ही अगदी सपाट आहेत.”

“नक्की?”

“एकूणएक जागा जुळलीय...”

म्हणता म्हणता त्याची जीभ अडखळली.

उस्तादांनी दोन्ही प्लेटा पुसल्या, तिसरी आणून ठेवली आणि तिच्यावर निळा रंग पसरला. पहिली तिच्यावर टेकवली तर डुगडुगली, बोट लावताच भोवऱ्यासारखी फिरली. दुसरीला फक्त कडांवर निळं लागलं, मध्ये कोरी.

प्रणितनं दोन्ही पुन्हा पाहिल्या. एकीला पोट होतं. दुसरीला तेवढाच खड्डा. म्हणून तर दोघींचं इतकं छान जमत होतं.

पावणेपाच वाजायला आले होते. खिडकी दोन इमारती पलीकडे. पळत गेला, तर सहा मिनिटं.

“म्हणजे ही तिसरी तेवढी सपाट,” तो म्हणाला.

“तिलाही पोट आहे. पहिलीपेक्षा थोडं कमी, एवढंच.”

“मग सपाट कुठली?”

“यातली एकही नाही.”

“मग या कशावर तपासायच्या?”

“एकमेकींवर. पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, तिसरी पहिलीवर. निळं लागेल तिथं खरवडायचं. आणि पुन्हा.”

“तीन वाकड्या घासून सपाट कशी होईल? आधी एक तरी सपाट हवी ना...”

उस्तादांनी खोलीच्या मध्यावरच्या मोठ्या प्लेटीकडे हनुवटी केली. तिच्यावर मखमलीचं आवरण होतं. सगळं विद्यापीठ आपलं काम तिच्यावर ठेवून तपासून न्यायचं.

“ती कशावर तपासली असेल?”

प्रणितनं त्या मोठ्या प्लेटीकडे पाहिलं, मग समोरच्या तिघींकडे.



उस्तादांनी टेबलावर डावीकडे त्याचा अर्ज ठेवला. उजवीकडे खरवडायचा स्क्रेपर ठेवला, लाकडी मुठीचा, धार नुकतीच लावलेला. मध्ये अवजारांचं रजिस्टर उघडलं.

“स्क्रेपर घेतलास तर सही मिळत नाही. अवजार बाहेर असताना मी सही देत नाही. छत्तीस वर्षांत दिली नाही. आणि सही घेतलीस, तर स्क्रेपर मिळत नाही. बघ बाबा. मला चहाला जायचंय.”

चार पन्नास.

प्रणितनं अर्जाकडे हात नेला. बोटं निळी होती. अर्जाच्या कोपऱ्यावर निळा ठसा उमटला. त्यानं हात मागे घेतला, पँटला पुसला. पँटही निळी झाली.

चार बावन्न.

फ्लेक्स आठवला. धनराज आठवला, खोलीवर बॅग भरून ठेवून याच्या सहीची वाट बघत बसलेला.

चार चौपन्न.

त्यानं पेन उचललं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: स्क्रेपर, नग एक, ढेंगळे. निळं बोट नावावरून फिरलं आणि ‘ढ’च्या पुढचं कुणालाच वाचता येईना.

उस्तादांनी रजिस्टर मिटलं आणि टोपी डोक्यावर ठेवली.

ते दारापर्यंत गेल्यावर प्रणितनं मागून हाक मारली.

“उस्ताद... आम्ही दोघंच आहोत. आमच्यात तिसरं कोण येऊन बसणार? वर्गात बाकी सगळे सपाट आहेत.”

उस्ताद उंबऱ्यावर थांबले.

“एखादा सपाट सापडला तर घेऊन ये. मला बघायचाय.”